क्रीडांगणावरील शाश्वततेचे मोजमाप

बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या बागाईत पट्ट्यात वसलेले आहे. कालव्याने या पट्ट्यास ऊस दिला. परंतु पाण्याचा अतिरेक व निचऱ्याचा अभाव यांमुळे नीरा खोऱ्यातील पुष्कळ जमीन क्षारपड झाली. पाणी हाताशी असतानाही ते बेताने वापरावे, हा संस्कार येथील मुलांस म्हणूनच अत्यावश्यक होय. खेळून आल्यावर हातपाय धुताना तो जितका दृढ होतो, तितका पाठ्यपुस्तकाने होत नाही.

पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणता आजच्या गरजा भागविणे, अशी शाश्वत विकासाची व्याख्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने केली. पर्यावरण, समाज व अर्थव्यवहार ही त्याची तीन अंगे. या अंगांना धरून स्पेनमधील संशोधकांनी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रश्नावली सिद्ध केली आहे. परंतु प्रश्नावलीत शिक्षक स्वतःविषयी सांगतो, आणि स्वतःचे कार्य कोणासही थोडे उजळच दिसते. म्हणून तिला प्रत्यक्ष मोजणीची जोड द्यावी.

मोजणी अशी करावी :

१. पाणी : खेळाच्या तासानंतर किती बादल्या पाणी लागले ते मोजून मुलांच्या संख्येने भागावे.

२. सहभाग : किती मुली व किती मुलगे प्रत्यक्ष खेळले आणि किती जण नुसते बसून राहिले, ते लिहावे.

३. साहित्य : हुतूतू, लंगडी असे साहित्याविना होणारे खेळ किती वेळा घेतले, तसेच किती साधने दुरुस्त केली व किती नवी आणली, याची नोंद ठेवावी.

पहिल्या आठवड्यात मुलांस काहीही न सांगता नोंद घ्यावी. त्यानंतर सहा आठवडे खेळाच्या ओघात या गोष्टी शिकवाव्यात व पुन्हा मोजावे. चिखलात खेळलेल्या मुलांस पाणी अधिक लागते. यास्तव दोन्ही मोजण्या सारख्याच हवामानात व्हाव्यात. मोजणी शक्यतो दुसऱ्या शिक्षकाने करावी.

खरी कसोटी मात्र शिक्षक रजेवर असतील त्या दिवसाची. त्या दिवशीही बादल्या वाढल्या नाहीत आणि मुलींचा डाव हिरावला गेला नाही, तर शिकवण रुजली असे समजावे.

हे आकडे शिक्षकांची प्रतवारी लावण्यासाठी वापरू नयेत. तसे झाल्यास नोंदवहीत सत्याऐवजी शोभा उतरेल. प्रत्येक शाळेने आपली नोंदवही केंद्राच्या शिक्षण परिषदेत आणावी आणि उणे आकड्यांची चर्चा प्रथम करावी.