मूत्रपिंड, औषध आणि सही न करणारी डॉक्टर



वॉर्डात नवी सिस्टर आली की तिला आधी लघवी मोजायला शिकवतात. पिशवीवरचा आकडा बघायचा आणि इनटेक-आउटपुट चार्टवर लिहायचा. पुष्कळ मुलींना हे काम हलके वाटते. मलाही वाटायचे. पण मोठ्या माणसाची दिवसभराची लघवी ४०० मिलीच्या खाली गेली, तर झोपलेल्या डॉक्टरांना उठवायचे असते, हेही त्याच चार्टवरून शिकले. आज ज्या बाईंबद्दल लिहिते आहे, त्यांच्या अभ्यासाची सुरुवातही अशीच, शरीरातल्या पाण्याच्या हिशोबापासून झाली.

फ्रान्सिस ओल्डहॅम यांचा जन्म २४ जुलै १९१४ रोजी कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर झाला. मॅकगिल विद्यापीठात शिकून त्यांनी शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्राचे प्राध्यापक युजीन गायलिंग यांना कामासाठी पत्र लिहिले. उत्तर आले, जागा मिळाली, पण पत्रावर लिहिले होते ‘मिस्टर ओल्डहॅम’! फ्रान्सिस हे पुरुषाचेही नाव असते. बाई आहे असे कळवावे का, असे त्यांनी आपल्या शिक्षकांना विचारले. शिक्षक म्हणाले, नावापुढे कंसात ‘मिस’ लिही आणि सरळ जा. नावावरून माणसाची जागा ठरवणे आपल्या समाजाला नवे नाही. इथे नाव वाचण्यात चूक झाली म्हणून एका बाईला दार उघडले, एवढाच फरक.

शिकागोत त्यांनी पीएच.डी. केली ती मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागावर. या भागातून एक हार्मोन रक्तात येते आणि मूत्रपिंडाला सांगते की पाणी राखून ठेव. उन्हात राबून आल्यावर लघवी कमी आणि गडद होते, ती त्याच निरोपामुळे. मूत्रपिंड नुसती चाळणी नाही. ते निरोप घेते तसे पाठवतेही. रक्तातल्या लाल पेशी वाढवण्याचा निरोप तिथूनच हाडांच्या मगजाला जातो, म्हणून किडनीच्या जुन्या रुग्णाचे रक्त कमी होते आणि नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही. रक्तदाबाची दोरीही बरीचशी मूत्रपिंडाच्याच हातात असते.

फ्रान्सिस शिकागोत असतानाच, १९३७ साली, अमेरिकेत एका औषधाने माणसे मरू लागली. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे चांगले औषध होते. ते पातळ स्वरूपात विकता यावे म्हणून टेनेसीतल्या एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक द्रवात विरघळवले आणि वर फळाचा स्वाद घातला. चव तपासली, रंग तपासला. जनावराला देऊन कुणी पाहिले नाही, कारण कायदा तसे सांगतच नव्हता. शंभरावर माणसे गेली आणि त्यांत लहान मुले पुष्कळ होती. गायलिंग यांच्या प्रयोगशाळेत हे औषध जनावरांना देऊन पाहिले गेले. उंदरांवर लक्ष ठेवण्याचे काम फ्रान्सिस यांच्याकडे होते. दोष औषधाचा नव्हता, द्रवाचा होता. यकृतात या द्रवाचे आम्ल बनते आणि ते मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या जाळते. लघवी कमी होते, मग बंद होते. १९३८ साली अमेरिकेत कायदा आला की औषध सुरक्षित आहे हे दाखवल्याशिवाय ते विकता येणार नाही.

पुढे महायुद्धाच्या काळात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांनी पाहिले की सशाचे शरीर क्विनीन मोडून टाकते, पण पोटातले पिल्लू ते मोडू शकत नाही. आईला सोसते ते पोटातल्या बाळाला सोसेलच असे नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. १९४३ साली सहकारी डॉ. केल्सी यांच्याशी लग्न झाले, दोन मुली झाल्या, १९५० साली त्या डॉक्टर झाल्या.

१९६० साली वॉशिंग्टनच्या औषध प्रशासनात रुजू झाल्यावर, नव्या म्हणून, त्यांना सोपी फाइल दिली गेली. औषध होते थॅलिडोमाइड. झोपेसाठी आणि गर्भारपणातल्या मळमळीसाठी ते युरोपात सर्रास खपत होते. साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी मिळाल्यासारखेच होते. केल्सी दर वेळी लिहीत राहिल्या की पुरावा अपुरा आहे. कंपनीची माणसे फोन करत, भेटायला येत, वरिष्ठांकडे तक्रारी करत. अशातच ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकातले एका डॉक्टरांचे पत्र त्यांच्या वाचनात आले. हे औषध घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, असे त्यात होते. मोठ्यांच्या नसांना जे इजा करते ते गर्भाला काय करेल, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कंपनीकडे उत्तर नव्हते. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते औषध बाजारातून काढले गेले. जगभर दहा हजारांहून अधिक बाळे हातपाय खुंटलेली किंवा इतर व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत अशी बाळे मोजकीच जन्मली, तीही कंपनीने ‘चाचणी’ म्हणून डॉक्टरांना आधीच वाटलेल्या गोळ्यांमुळे. कालामसुत्त आपण विहारात ऐकतो. सरकारी टेबलावर ते कसे पाळायचे, हे केल्सींनी दाखवले असे मला वाटते. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यांचा गौरव केला. २००५ पर्यंत त्या कामावर होत्या आणि २०१५ साली, १०१ व्या वर्षी वारल्या.

पण तो १९३७ चा द्रव मेला नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये तोच निघाला आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ही साखळी उघडी पाडली. २०२२ मध्ये भारतात बनलेल्या सिरपमुळे गांबियात सुमारे ७० मुले गेली. २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली, बहुतेक पाच वर्षांखालची लेकरे खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि त्यातली कितीतरी परत गेली नाहीत. कायदा आहे, प्रयोगशाळा आहेत. तपासणी न करता बाटली पुढे ढकलली गेली की मरते ते गरिबाचेच लेकरू, कारण मोठ्या डॉक्टरांची फी परवडत नाही म्हणून तेच सिरपवर निभावते.

म्हणून दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचे सिरप देऊच नका. पाचपर्यंतही डॉक्टरांनी खरेच गरज सांगितली तरच द्या. बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. औषध सुरू असताना बाळ उलट्या करू लागले, सुस्त झाले आणि सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर सकाळची वाट पाहू नका.

मोठ्यांसाठी दुसरी गोष्ट. मूत्रपिंड स्वतःचा रक्तपुरवठा चालू ठेवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य बनवते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या नेमके तेच रोखतात. धडधाकट माणसाला एखाद-दुसरी गोळी बाधत नाही. पण ऊसतोडीला किंवा बांधकामावर उन्हात राबायचे, पाणी कमी प्यायचे, वर बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि रात्री अंग दुखते म्हणून दुकानातून आणखी एक ‘दर्द की गोली’, हे सगळे एकत्र आले की मूत्रपिंड बसते. बीपीची गोळी मनाने बंद करू नका. दुखण्याची गोळी मनाने सुरू करू नका. मेडिकलवाल्याला आपल्या चालू गोळ्यांची पट्टी दाखवा.

औषधाने त्रास झाला तर तक्रार डॉक्टरांनीच करायची असते असे नाही, रुग्ण किंवा घरचेही करू शकतात. सरकारच्या औषध-सतर्कता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करण्याआधी बाटली हाताशी घ्या. तिच्यावरचा बॅच नंबर ते विचारतात. बाटली धुऊन ठेवू नका, उरलेले औषध तसेच राहू द्या, म्हणजे ते तपासता येते.