ठिबक संचासाठी गजराचे डिजिटल दाबमापक : बसविणे आणि माप जुळविणे

भाताची कापणी उरकली की ठाणे जिल्ह्यातील कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड व शहापूर या तालुक्यांत भेंडी, काकडी, कारली, दुधी, मिरची, कलिंगड या पिकांची लगबग सुरू होते. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या या जमिनीला डिसेंबरनंतर थेंब-थेंब पाणी मोजून द्यावे लागते. म्हणून उल्हास, काळू, भातसा नद्यांच्या काठाने आणि विहिरी-बोअरवर ठिबक संच बसले. संच बसला, पण त्याच्याकडे पाहायला माणूस मात्र जागेवर नसतो. कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत घरातला कर्ता माणूस सकाळची लोकल गाठून कामावर जातो, आणि शेतीची वीज कित्येकदा रात्रीची असते. पंप चालू करून घरी आलेल्या शेतकऱ्याला फिल्टर तुंबला की सबमेन फुटली हे सकाळी, पाणी वाहून गेल्यावर कळते.

यावर उपाय म्हणून गजराचे डिजिटल दाबमापक, म्हणजेच अलार्मचे प्रेशर गेज, आता शेतकरी घेऊ लागले आहेत. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ते घंटा वाजवते, दिवा लावते आणि जोडणी केली असल्यास पंपही बंद करते. उपकरण चांगले आहे. मात्र पेटीतून काढून, पाइपला लावून, विक्रेत्याने ठरवून दिलेल्या आकड्यांवर सोडून दिलेले गेज असून नसल्यासारखेच. किंबहुना नसलेले बरे, कारण गेज नसेल तर शेतकरी निदान चार ड्रिपर उचकून पाहतो. गेज असले की तो निर्धास्त झोपतो. म्हणून बसविण्याइतकीच मेहनत त्याचे माप जुळविण्यावर घेतली पाहिजे.

दाब चुकला तर पिकाचे काय होते?

साध्या ड्रिपरमधून येणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. १ किलो दाबाला (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर पाऊण किलो दाबाला सुमारे साडेतीन लिटर देतो आणि अर्ध्या किलोला २.८ लिटर. आता समजा, आपले गेज पाव किलो जास्त दाखविते. पडद्यावर १.०० दिसते, प्रत्यक्षात दाब ०.७५ आहे. म्हणजे प्रत्येक पाळीला पाणी आठव्या हिश्शाने कमी, आणि ठिबकमधून विद्राव्य खत सोडत असाल तर ते शेताच्या टोकापर्यंत सारखे पोचत नाही. कलिंगडाची फळे टोकाच्या ओळींत लहान राहतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

गेजची निवड

दुकानात ० ते १०, ० ते १६ किलो अशा मोठ्या पल्ल्याची गेजे सहज मिळतात. ‘जास्त पल्ला म्हणजे जास्त मजबूत’ असे सांगून ती विकलीही जातात. तसे घेऊ नये. गेजची अचूकता बहुधा पूर्ण पल्ल्याच्या टक्क्यांत दिलेली असते. एक टक्का अचूकतेचे १६ किलोचे गेज ०.१६ किलोने चुकू शकते, ४ किलोचे फक्त ०.०४ किलोने. आपला चालू दाब पल्ल्याच्या साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश यांमध्ये यावा, असा पल्ला निवडावा. दीड-दोन किलोवर चालणाऱ्या संचाला ० ते ४ किलोचे गेज योग्य. पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसतात म्हणून ते दोन्ही आकडे खरे असतात असे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मापाचे एकक. काही गेजे बारमध्ये तर काही पीएसआयमध्ये दाखवितात. १ किलो म्हणजे ०.९८ बार किंवा १४.२ पीएसआय. दोन, गेज वातावरणाचा दाब वजा करून दाखविणारे हवे. हवेत मोकळे धरल्यावर पडद्यावर शून्याऐवजी १.०३ च्या आसपास आकडा दिसला, तर ते वेगळ्या कामाचे यंत्र आहे, परत करावे.

कोठे बसवावे?

एकच गेज घ्यायचे असेल तर ते फिल्टरच्या पुढे, म्हणजे शेताकडील बाजूला बसवावे. यामागे कारण आहे. फिल्टर तुंबला तर पुढचा दाब पडतो. सबमेन फुटली तरी पडतो. नदी आटून किंवा फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पंपाने पाणी सोडले तरी पडतो. तीन वेगवेगळ्या बिघाडांना एकच खालचा गजर पुरतो. आणि शेतातील व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर तिथला दाब चढतो, तो वरच्या गजरात सापडतो. फिल्टरच्या अलीकडे गेज बसविले तर फिल्टर तुंबताना दाब उलट वाढतो आणि खालचा गजर गप्प बसतो.

मात्र फिल्टर कधी धुवावा हे कळण्यासाठी दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक लागतो. त्यासाठी दोन गेजे घेण्यापेक्षा दोन्ही बाजूंना लहान नळ्या काढून मध्ये एक तीन-तोंडी कॉक बसवावा व एकच गेज त्यावर लावावे. दोन्ही वेळा तेच गेज मोजत असल्याने त्याची शून्याची चूक वजाबाकीत निघून जाते. स्वच्छ फिल्टरला फरक ०.१ ते ०.२ किलो असतो. अर्ध्या किलोपर्यंत जाण्याआधी फिल्टर धुवावा. उल्हास नदीवरून पाणी उचलणाऱ्यांना जलपर्णी व शेवाळामुळे हे वारंवार करावे लागेल. कॉक मात्र मोजून झाल्यावर नेहमी शेताकडील बाजूला वळवून ठेवावा.

टॅपिंग पाइपच्या कुशीतून काढावे. वरून काढले तर हवा अडकते, खालून काढले तर गाळ बसतो. एल्बो किंवा व्हॉल्व्हला चिकटून काढू नये. पाइपच्या व्यासाच्या निदान दहापट सरळ लांबी सोडावी. सॅडलवर पाव इंची निपल, त्यावर एक छोटा बॉल व्हॉल्व्ह, मग गेज, असा क्रम ठेवावा. बॉल व्हॉल्व्ह असला की संच चालू असताना गेज काढता येते. पंप बंद होताना पाणी उलटून जो दणका बसतो, त्याने सेन्सरचा पडदा कायमचा वाकतो. म्हणून मध्ये दणका शोषणारा स्नबर किंवा निदान सुईचा व्हॉल्व्ह लावावा. टेफलॉन टेप आट्यांवर गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपची चिंधी सेन्सरच्या छिद्रात जाऊन बसते. गेज आवळताना पान्हा खालच्या षट्कोनावर धरावा. डबी हातात धरून पिळू नये.

उंचीचा हिशोबही करावा. दर १० मीटर चढावाला १ किलो दाब खर्ची पडतो. नदीकाठच्या पंपघरात १.६० दिसत असेल आणि शेत ६ मीटर उंचावर असेल, तर तिथे पोचेपर्यंत उरतो जेमतेम १ किलो, आणि पाइपमधील घर्षण त्यातून आणखी वजा.

माप जुळविणे

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाण्याचा स्तंभ हेच सर्वांत प्रामाणिक माप आहे. नळी जाड असो की बारीक, १० मीटर उंच पाणी तळाशी १ किलोच दाब देते. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी ११-१२ मीटर घ्यावी. तिचे एक टोक टी जोडून गेजला, टीच्या दुसऱ्या तोंडाला पाणी भरण्याचा कॉक. नळीचे वरचे टोक तीन मजली इमारतीच्या जिन्यातून वर न्यावे. कल्याण-डोंबिवलीत अशा इमारतींना तोटा नाही. वॉचमनला आधी सांगून ठेवले म्हणजे झाले. नळी गच्चीच्या कठड्यावरून बाहेर लोंबकळत सोडू नये.

गेजच्या जोडाच्या मध्यापासून टेपने मोजून अडीच, पाच, साडेसात आणि दहा मीटरवर खुणा कराव्यात. जिन्यात नळी तिरपी-वळलेली असली तरी चालते, माप फक्त उभ्या उंचीचे धरावे. पाणी खालच्या कॉकमधून हळूहळू चढवावे. वरून ओतले तर नळीत बुडबुडे अडकतात आणि जितका बुडबुडा तितकी चूक. प्रत्येक खुणेवर मिनिटभर थांबून आकडा वहीत लिहावा. वरपर्यंत गेल्यावर पाणी सोडत खाली येतानाही पुन्हा तेच आकडे घ्यावेत.

खरे आकडे ०.००, ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे यायला हवेत. समजा, ०.०८, ०.३३, ०.५८, ०.८३, १.०८ आले. चूक सगळीकडे सारखीच ०.०८ आहे, ही शून्याची चूक. गेज हवेत मोकळे ठेवून मेनूमधून शून्य जुळविले की संपली. पण ०.००, ०.२७, ०.५४, ०.८१, १.०८ असे आले, तर शून्य बरोबर आहे आणि चूक दाबाबरोबर वाढत जाते. ही पल्ल्याची म्हणजे स्पॅनची चूक. ती १० मीटरच्या खुणेवर १.०० येईल अशी जुळवावी, मग पुन्हा शून्य तपासावे, कारण स्पॅन हलविला की काही गेजांत शून्यही सरकते. चढताना एक आणि उतरताना दुसराच आकडा येत असेल तर आधी छिद्र साफ करून पाहावे. तरीही फरक राहिला तर सेन्सर दणक्याने दुखावला आहे. मेनूत कितीही बटणे दाबली तरी तो सुधारत नाही.

खालचा गजर ज्या दाबावर लावायचा, निदान तिथपर्यंत तरी तपासणी झालीच पाहिजे. तो १ किलोच्या बराच वर असेल तर सहा-सात मजली इमारत शोधावी, किंवा गेज प्रयोगशाळेत न्यावे. ठाण्यातील वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसी परिसरातील कारखान्यांमुळे आपल्या भागात मापके तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा जवळ आहेत, ही सोय आडबाजूच्या शेतकऱ्याला मिळत नाही. तेथे एनएबीएलची मान्यता आहे का हे विचारावे.

गजराच्या मर्यादा

मर्यादा पुस्तकातून घेऊ नयेत. फिल्टर धुतलेला, सगळे ड्रिपर चालू, अशा स्थितीत आठवडाभर रोजचा दाब लिहावा. वेगवेगळ्या प्लॉटला पाणी देताना तो वेगळा येईल. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा पाहावा. समजा तो १.४ ते १.७ मध्ये राहतो. मग खालचा गजर १.१ वर आणि वरचा २.१ वर ठेवता येईल. अगदी १.३५ वर ठेवला तर व्होल्टेज थोडे पडले तरी रात्री तीनदा घंटा वाजेल, आणि चौथ्या रात्री घरातले कोणीतरी तिची वायर काढून ठेवील. अशी वायर काढलेली गेजे पुष्कळ ठिकाणी दिसतात.

गजर वाजल्यावर तो पुन्हा शांत होण्यासाठी ०.१ किलोचे अंतर ठेवावे, नाहीतर दाब मर्यादेवर रेंगाळला की रिले टकटक करीत राहतो. चालू असतानाचा विलंब १०-१५ सेकंदांचा पुरे. सुरुवातीचा विलंब निराळा असतो. रिकामी लाइन भरेपर्यंत दाब कमीच राहणार, त्यामुळे लाइन भरायला किती वेळ लागतो तो घड्याळाने मोजून त्यात एक मिनिट मिळवावे. कटकट नको म्हणून पंधरा मिनिटे ठेवू नयेत; तेवढ्या वेळात कोरडा चालणारा पंप सील जाळून मोकळा होतो.

पंप बंद करण्याची जोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मोटारचा प्रवाह गेजच्या रिलेमधून कधीही नेऊ नये. त्यातही एक खाच आहे. तीन फेजच्या स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल पुष्कळदा ४१५ व्होल्टची असते आणि गेजमधील रिले २३० व्होल्टपुरता. सरळ जोडल्यास रिलेचे संपर्क चिकटून बसतात, आणि मग गजर वाजत राहतो पण पंप थांबत नाही. मध्ये वेगळा काँटॅक्टर घालावा व त्याचा संपर्क स्टॉप बटणाच्या साखळीत घ्यावा, म्हणजे वायर तुटली तरी पंप थांबेल, चालू राहणार नाही.

स्टार्टरला ऑटो स्विच असेल तर गजराने बंद झालेला पंप तो पुन्हा चालू करील. म्हणून गेजमधील गजर हाताने रिसेट केल्याशिवाय सुटू नये, अशी व्यवस्था निवडावी. मोबाईल स्टार्टर असल्यास गजराचा संपर्क त्यालाही देता येतो, म्हणजे फोनवर सूचना येते.

जोडणी झाली की खरी परीक्षा घ्यावी. मेनूतील ‘टेस्ट’ बटण फक्त घंटा तपासते. संच चालू ठेवून सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडावा, दाब उतरताना आकडा पाहत राहावे, कितीला गजर वाजला, किती सेकंदांनी पंप थांबला हे लिहावे. नंतर शेताकडील व्हॉल्व्ह सावकाश आवळून वरचा गजरही तसाच पाहावा. शेवटी सेन्सरची वायर काढून पाहावी; त्या वेळीही गजर झालाच पाहिजे. ही परीक्षा हंगामात दर महिन्याला घ्यावी.

मेअखेरीस, वळवाच्या विजा सुरू होण्याआधी, गेज काढून आणावे. छिद्रातील पाणी झटकून, डबीत कोरड्या जागी ठेवावे व टॅपिंगला डमी लावावा. कोकणातील दमट हवेत केबलच्या ग्रंथीतून ओल आत शिरते, म्हणून झाकणाची रबरी कडी तडकली असल्यास तेव्हाच बदलावी. भातकापणी झाल्यावर गेज पुन्हा पाइपला लावण्यापूर्वी आधी पाण्याच्या नळीवर न्यावे आणि गेल्या वर्षीच्या वहीतील आकड्यांच्या शेजारी नवे आकडे लिहावेत.