काळ्या रानात घर बांधताना आणि घेताना



ऊस विकास खात्याने घरबांधणीवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण हंगाम आटोपून उसाचे पैसे हाती आले, की आपल्या कार्यक्षेत्रात दोन कामे हमखास निघतात. एक लग्न आणि दुसरे घर. लग्नाच्या बाबतीत आमच्या खात्याला सांगण्यासारखे काही नाही. घराच्या बाबतीत मात्र आहे, कारण घर ज्या मातीवर उभे राहते ती माती आमच्या रोजच्या हाताखालची. लागणीसाठी जी माती पहिल्या प्रतीची, तीच पायासाठी शेवटच्या प्रतीची असते. हे ध्यानात न घेता बांधलेल्या घरांच्या भिंती तिसऱ्या-चौथ्या वर्षी तडकलेल्या शिवारफेरीत ठिकठिकाणी दिसतात.

जुनी माणसे शिवाराला 'काळी' आणि गावाच्या जागेला 'पांढरी' म्हणत. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे. आता गावठाणात जागा राहिलेली नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, मोटार व जनावरांची राखण करायची तर मळ्यात राहणे सोयीचे, म्हणून घरे काळीत आली. तालुक्याच्या गावाभोवती जे प्लॉट पडत आहेत, त्यांतलेही बरेच कालपरवापर्यंत उसाचे फड होते. याला इलाज नाही. पण काळीचा स्वभाव ओळखून घर बांधता येते, आणि तयार घर घेताना तपासताही येते.

हा स्वभाव कसा, ते आपणांस नव्याने सांगायला नको. दख्खनचा काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यात स्मेक्टाइट नावाच्या गटातले अति बारीक चिकण कण असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. मे महिन्यात पडीक रानाला बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि दोन पावसांत त्या मिटूनही जातात. भेग मिटते म्हणजे जमीन फुगते, आणि फुगणारी जमीन आडवी तशीच वरही सरकते. वर पीक असेल तर काही बिघडत नाही. भिंत असेल तर ती उचलली जाते आणि उन्हाळ्यात पुन्हा खाली बसते. सगळे घर सारखे वरखाली झाले असते तरी एक वेळ चालले असते. पण घराच्या मध्यभागी, फरशीखाली, ओल वर्षभर बरीचशी सारखी राहते, आणि बाहेरच्या भिंतींखाली मात्र पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत. त्यामुळे कोपरे हलतात, मधला भाग हलत नाही, आणि भिंत तिरकी तडकते.

"साहेब, आमची एक मजलीच हाय की, तिला कशाला एवढा पाया?" असे पुष्कळदा ऐकायला मिळते. येथेच मोठी गफलत आहे. फुगणारी माती वर ढकलत असते. तीन मजली इमारतीचे वजन त्या ढकलण्याला काही अंशी तरी दाबून धरते. एक मजली घर, गोठा, कंपाउंडची भिंत ही हलकी, म्हणून तीच अधिक उचलली जातात. काळ्या रानात हलक्या घरालाच पायाची काळजी जास्त घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट वेळेची. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात, पाया एप्रिल-मेमध्ये खणला जातो. म्हणजे माती वर्षातली सर्वांत वाळलेली आणि आकसलेली असताना आपण तिच्यावर बांधतो. पुढे पाऊस पडला की तिला फक्त फुगायचेच उरते. उन्हाळ्यात पाया घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, कारण मजूर आणि सवड तेव्हाच मिळते. पण खणलेला चर पंधरा-वीस दिवस उन्हात उघडा टाकू नये. आणि जोत्यातला भराव एक पावसाळा खाऊ द्यावा, मगच कायमची फरशी बसवावी. वास्तुशांतीची घाई असेल तर तोवर कोब्यावर भागवावे.

आता माती कशी तपासावी? पिकासाठी आपण वरच्या आठ-नऊ इंचांतला नमुना घेतो आणि प्रयोगशाळेकडून सामू, क्षारता, नत्र-स्फुरद-पालाश कळते. तो अहवाल घेऊन "माती चांगली आहे ना, मग बांधू का?" असे विचारणारे सभासद आहेत. त्या अहवालाचा पायाशी काहीही संबंध नाही. पायासाठी खालचा थर बघायचा असतो. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्वतःची किंवा शेजाऱ्याची विहीर वाचणे. बांधीव कडे नसेल तर विहिरीच्या काठावर काळी माती किती फूट, चुनखडीचे खडे कुठे, मुरूम कुठे लागला आणि पाषाण कुठे, हे सगळे उघडे दिसते. विहीर लांब असेल तर घराच्या जागेवर दोन-तीन ठिकाणी खड्डे घ्यावेत. काळीच्या खाली पुष्कळदा पिवळसर चिकण माती लागते, आणि गवंडी तिलाच मुरूम समजून काम सुरू करतात. तिचे ढेकूळ पाण्यात भिजवून बोटांनी चोळावे. दाणे-खडे हाताला लागले तर मुरूम. लोण्यासारखे चिकट झाले तर ती मातीच, आणि तीही फुगते.

फुगवण किती, हे मापायची एक साधी पद्धत भारतीय मानकात दिलेली आहे. पायाच्या खोलीवरची माती घ्यावी, पूर्ण वाळवून बारीक करावी व अगदी बारीक चाळणीने चाळावी. शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशी १०० मिलिलिटरची मापाची दोन नळकांडी आणावीत. दोन्हींत १०-१० ग्रॅम माती टाकावी. एकात १०० च्या खुणेपर्यंत रॉकेल, दुसऱ्यात तितकेच शुद्ध केलेले पाणी भरावे, आणि हवेचे बुडबुडे निघेपर्यंत ढवळून २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये थर १० मिलिलिटरवर आणि पाण्यात १७ वर बसला, तर फुगवण ७० टक्के झाली. ५० च्या आत असेल तर फारशी धास्ती नाही. ५० ते १०० म्हणजे सावध राहावे, आणि १०० च्या वर गेली तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये. घरी केलेली ही तपासणी अंदाजापुरती. मोठे बांधकाम असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा दुसऱ्या माती-चाचणी प्रयोगशाळेतून पक्का अहवाल घ्यावा.

कडक मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर प्रश्न सोपा आहे. काळी पूर्ण काढून मुरुमावरच पाया घ्यावा. नदीकाठच्या भारी रानात मात्र पंधरा-वीस फूट गेले तरी मुरूम लागत नाही. तेथे रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पुढे आणलेली 'अंडर-रीम पाइल'ची पद्धत उपयोगाची आहे. जमिनीत साधारण ८ ते १२ इंच व्यासाची भोके घेतात, तळाशी खास अवजाराने ती अडीचपट रुंद करतात, आणि सळई टाकून काँक्रीट भरतात. उसाचा बुडखा जमिनीत रुतून बसावा तसा हा फुगीर तळ माती वर ढकलू लागली तरी खांबाला धरून ठेवतो. ऋतुमानाने होणारा ओलीचा बदल भारी काळ्या जमिनीतही साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांखाली फारसा पोचत नाही. म्हणून खांब तिथवर न्यायचे. त्यावर जोत्याची तुळई घेतात, पण ती जमिनीला टेकवत नाहीत. खाली सुमारे तीन इंच मोकळी जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला लागत नाही. ही जागा विटांच्या तुकड्यांनी भरून 'मजबूत' करणारे गवंडी असतात. त्यांना वेळीच आवरावे.

मधला मार्ग म्हणजे काही फूट काळी काढून मुरूम भरणे. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोडा चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटर थर देण्याची पद्धत अभ्यासून मांडली, आणि ती कालव्यांच्या कामांत वापरली गेली. आपल्याकडचा चांगला मुरूम या कामी चालतो. तो ट्रॉलीने ओतून सोडू नये. अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांत, पाणी मारून, धुम्मसने किंवा रोलरने दाबावा. नुसत्या वाळूने चर भरू नये. बाहेर जायला वाट नसेल तर वाळूत पाणी साठते आणि पायाभोवती टाकीच तयार होते.

कोणतीही पद्धत घेतली तरी जोत्याला आणि दरवाजा-खिडक्यांच्या वर भिंतींतून सलग काँक्रीटचा पट्टा असावा. थोडी हालचाल झाली तर तो भिंतींना एकत्र धरतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणाऱ्यांना या पट्ट्याचे दुसरे कारण सांगायला नको.

घर उभे राहिल्यावरचे काम पाण्याचे. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर जवळपास २३०० लिटर पाणी जमते. ते चार नळ्यांतून भिंतीच्या बुडाशीच सोडलेले असते! नळ्या जमिनीपर्यंत आणून पाणी चरीने लांब काढावे. घराभोवती चार-पाच फूट रुंद फरसबंदी करून तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. मोरीचा शोषखड्डा घराला चिकटून घेऊ नये. आणि एक विनंती आहे. घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर उसाची सरी धरू नका. बारा महिने पाटपाणी एका बाजूच्या भिंतीला आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण, यासारखे घर वाकवणारे दुसरे काही नाही. घराजवळ ऊस ठेवायचाच असेल तर तिथे ठिबक करा आणि पंधरा-वीस फूट मोकळे सोडा. वड, पिंपळ, नीलगिरी यांची मुळे उलट पायाखालची ओल ओढून घेतात. झाड जेवढे उंच होणार, निदान तेवढे ते घरापासून लांब असावे.

क्षारपड रानात आणखी एक दुखणे, ते म्हणजे लोणा. जमिनीतले क्षार ओलीबरोबर विटांतून वर चढतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. यासाठी जोत्यावर ओल अडवणारा थर सलग हवा, रंगाचे कितीही हात देऊन तो थांबत नाही. विहिरीचे मचूळ पाणी उसाला चालते म्हणून स्लॅबला चालेल, असे नाही. सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे मानक सांगते. जास्त असेल तर सळई आतून गंजून फुगते आणि स्लॅबचे तुकडे पडू लागतात. काँक्रीटवर पाणी मारतानाही हेच पाहावे.

तयार घर किंवा प्लॉट घेणाऱ्यांसाठी थोडे. मंजूर रेखांकन, बांधकाम परवानगी, फेरफार, रस्ता, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, हे सगळेजण सांगतात आणि ते करावेच. त्याबरोबर त्या गटाचे जुने सातबारे काढून बारा नंबरचे सदर वाचावे. तेथे वर्षानुवर्षे ऊस आणि विहिरीचे ओलीत दिसले, तर जमीन भारी आहे हे कळले. शिवाय ती विहीर आता कुठे आहे, असे विचारावे. बुजवलेल्या विहिरीवर किंवा ओढ्यावर प्लॉट पाडलेले असतात. गाव नकाशावर ओढा दिसतो, जागेवर दिसत नाही. उलट, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेले मुरमाड रान पिकाला कुचकामी असले तरी घराला उत्तम. घर शक्यतो दोनदा पाहावे, एकदा मेमध्ये व एकदा भर पावसाळ्यात. नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागे, जिन्याखाली, गच्चीच्या कठड्यावर नजर टाकावी. शेजारच्या चार घरांच्या भिंती पाहाव्यात, त्या रंगवलेल्या नसतात.

विकसकाकडून सदनिका किंवा बंगला घेतला असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसून आलेला बांधकामाचा दोष, तक्रार केल्यापासून तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तक्रार तोंडी करू नये. लेखी द्यावी, पोच घ्यावी, फोटो तारखेसह ठेवावेत.

ज्यांच्या घराला आधीच तडे गेले आहेत त्यांनी लगेच सिमेंट भरू नये. तड्याच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, आणि तड्यावर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवावी. काच फुटली तर तडा अजून हलतो आहे. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारा तडा मातीचा. तो मिटला म्हणून बरा झाला असे नाही. वर्षभर नोंद ठेवावी, त्याच वर्षात गच्चीचे व मोरीचे पाणी लांब काढावे, सरी मागे घ्यावी. पुष्कळ घरे एवढ्यावर स्थिरावतात, आणि मग भरलेला तडा टिकतो. तडा वर्षागणिक वाढतच असेल, किंवा खांब-तुळईतच गेला असेल, तर मात्र गवंड्यावर न सोपवता बांधकाम इंजिनिअरला दाखवावे.

बांधकाम काढणाऱ्या सभासदांनी विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा एक लिटर नमुना आधी तपासून घ्यावा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरावी आणि नाव, गट नंबर लिहून गट ऑफिसला द्यावी. चिठ्ठीवर 'बांधकामासाठी' असे स्पष्ट लिहावे, नाही तर प्रयोगशाळा ते ओलिताचे पाणी समजून तपासते.

— ऊस विकास अधिकारी