संत आन्ना हे नाव कोठून आले?



२६ जुलै हा पवित्र मरियेचे आईवडील संत आन्ना व संत योआखिम यांचा सण. पण "ही नावे बायबलमध्ये दाखवा पाहू" असे कोणी म्हटले, तर ती आपल्याला दाखवता येणार नाहीत. लूककृत शुभवर्तमानात हन्ना नावाची संदेष्टी आहे, ती वेगळी.

ही नावे येतात 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' या दुसऱ्या शतकातील पुस्तकात. मूलबाळ नाही म्हणून योआखिम रानात जाऊन ४० दिवस उपास करतो. इकडे आन्ना बागेतल्या झाडावर चिमण्यांचे घरटे पाहते आणि रडू लागते. मग देवदूत येतो. पुढे तीन वर्षांच्या मरियेला मंदिरात अर्पण करतात. २१ नोव्हेंबरचा आपला सण त्यावरूनच आला.

एवढी हृदयाला भिडणारी कथा, तरी ती पवित्र शास्त्रात नाही. पुस्तकावर याकोबाचे नाव असले तरी ते त्याने लिहिलेले नाही, आणि मुलीला मंदिरात वाढवण्याची यहुदी लोकांत रीत नव्हती. संत अथनासिउस यांनी इ. स. ३६७ मध्ये नव्या कराराच्या २७ पुस्तकांची यादी दिली, तीत हे नाही. ट्रेंट धर्मपरिषदेने १५४६ साली ठरविलेल्या ७३ पुस्तकांतही नाही. (तोबित, युदीथ, मक्काबी इत्यादी सात पुस्तके या ७३ मध्ये आहेत. आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये ती नसतात. त्यांना आणि या कथेला एकाच माळेत ओवू नये.)

मग आपली भक्ती खोटी का? मरियेला आईवडील होते यात शंका नाही. त्यांची नावे परंपरेने जपली. कथेतील प्रत्येक प्रसंग मानलाच पाहिजे असे ख्रिस्तसभा सांगत नाही. खुद्द रोमलाही हा पेच पडला होता. पोप पायस पाचवे यांनी १५६८ मध्ये २१ नोव्हेंबरचा सण काढला, पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८५ मध्ये तो परत आणला.

गोव्यात तिसवाडीतील तळावली येथे संत आन्नाचे मोठे चर्च आहे. तेथे जुलैअखेरीच्या फेस्ताला मूल मागणारी जोडपी काकड्या वाहतात. आन्नाचे रडणे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

२६ जुलैच्या मिस्साबलिदानातील पहिले वाचन सिराखच्या ४४ व्या अध्यायातून आहे, म्हणजे त्या सातांपैकीच एका पुस्तकातून. त्यात पूर्वजांची स्तुती आहे. आन्ना किंवा योआखिम यांचे नाव मात्र नाही.