आधी पासबुक, मग पेढे

मुलीच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर ‘पेमेंट सक्सेस’ दिसले आणि आम्ही पार्सेत शेजाऱ्यांना पेढे वाटले. तिच्या पासबुकात मात्र पुढचा पावसाळा आला तरी एक रुपया नव्हता. पैसे बुडाले नाहीत, पण त्यांच्या भरवशावर स्वयंसहाय्य गटातून घेतलेल्या उचलीचे हप्ते घरखर्चातून गेले. पेडण्यातल्या दुसऱ्या मुलांवर ही पाळी येऊ नये, म्हणून लिहिते आहे.

मुलगी विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालयात बी.कॉम. करते. तिने केंद्र सरकारच्या ‘पीएम उच्चतर शिक्षा प्रोत्साहन’ योजनेत अर्ज केला होता. बारावीला आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत वरच्या 20 टक्क्यांत असलेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला 12,000 रुपये, पदव्युत्तर शिक्षणाला 20,000. निम्म्या जागा मुलींसाठी.

बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आमच्याकडे काही जमा नाही.” पुन्हा गेलो तेव्हा आतल्या साहेबांनी आधार क्रमांक घालून स्क्रीन आमच्याकडे वळवली. आधारसमोर भलत्याच बँकेचे नाव! “काकी, आधार आमच्याकडे जोडलेले आहे, पण सरकारी पैसे तिकडे जातात,” ते म्हणाले. मग आमच्या मुलीला आठवले. नवे सिम घेताना दुकानदाराने “बोट ठेव, ओटीपी सांग” म्हणत दोनदा अंगठा घेतला होता. त्यातच तिचे खाते उघडले गेले. शिष्यवृत्ती त्या खात्यात निवांत पडून होती; कागदपत्रे देऊन ती काढावी लागली.

असे घडते, कारण आधारमार्फत येणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातेच असे नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, म्हणजे एनपीसीआयच्या, नोंदीत आधारसमोर शेवटी ज्या बँकेचे नाव चढले, तिथे ती जाते. केवायसीसाठी बँकेला आधार देणे वेगळे आणि सरकारी पैशांसाठी आधार ‘सीडिंग’ करणे वेगळे. सीडिंगसाठी वेगळी संमती द्यावी लागते. 2017 साली देशभर कित्येकांची गॅस सबसिडी अशीच त्यांच्या नकळत एका पेमेंट्स बँकेत वळली होती आणि आधार प्राधिकरणाला हस्तक्षेप करावा लागला होता.

तेव्हा अर्ज भरण्याआधी ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. नको ती बँक दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा फॉर्म द्या आणि नोंदीतली बँक बदलल्याची खात्री करूनच अर्ज पाठवा. अर्ज पाठवल्यावर कुठल्याही दुकानात बोट ठेवण्याआधी विचारा, कशासाठी?

नावाचीही तीच गत. गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे असेल तर अर्ज अडकतो. आमच्याकडे नाईक, गावस ही आडनावे इंग्रजीत ज्याने त्याने आपल्या मर्जीने लिहिली आहेत. ती दुरुस्ती सुट्टीतच उरकावी. उत्पन्नाचा दाखलाही आधीच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात मामलेदार कचेरीत सगळा तालुका लोटतो.

अर्ज ‘सबमिट’ केला की काम संपले, असे मुलांना वाटते. पण महाविद्यालयाने पडताळणी केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. त्रुटी काढून परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर वर्ष गेले. म्हणून स्टेटस दर आठवड्याला पाहा आणि महाविद्यालयातल्या नोडल अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा. पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी किमान 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते. चतुर्थीनंतर गावी रेंगाळणाऱ्यांनी हजेरीचा हिशेब ठेवावा.

या शिष्यवृत्तीबरोबर दुसरी घेता येत नाही. राज्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी किंवा मागासवर्गीयांची शिष्यवृत्ती मिळण्यासारखी असेल, तर रकमांची तुलना करून एकच निवडा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज हा निराळा मार्ग आहे, पण ते फेडायचे असते.

आणि रक्कम खात्यात दिसेपर्यंत तिच्या भरवशावर कुणाकडून उचल घेऊ नका. फीसाठी मुदत हवी असेल तर अर्जाची प्रत जोडून प्राचार्यांना लेखी विनंती करा. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.