ओहोटीचे अन्न, भरतीचा विसावा : स्थलांतरित किनारी पक्षी व पाणथळ जागा

ऑक्टोबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजेच आययूसीएनने, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा कोरल जातीतील पक्षी नामशेष झाल्याचे जाहीर केले. उत्तरेत वीण करून भूमध्य समुद्राभोवती हिवाळा काढणाऱ्या या पक्ष्याची अखेरची निर्विवाद नोंद 1995 मधील, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची आहे. त्याआधी एकच वर्ष, 2024 मध्ये, याच संघाने स्थलांतरित किनारी पक्ष्यांच्या 16 जाती अधिक धोक्याच्या श्रेणीत टाकल्या होत्या. त्यांपैकी कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे वाकड्या चोचीचा तुतवार, आणि ग्रे प्लोव्हर, म्हणजे करडा चिखल्या, हे आपल्या किनाऱ्यावरचे नेहमीचे हिवाळी पाहुणे आहेत. दोन्ही जाती आता 'असुरक्षित' श्रेणीत आहेत.

भारतात या पक्ष्यांच्या शिकारीस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये बंदी आहे. तरीही त्यांची संख्या घटते आहे, याचे उत्तर शिकारीपेक्षा अधिवासात शोधावे लागते.

तुतवार, चिखल्या, टिलवा, कोरल हे पक्षी पोहत नाहीत. उथळ पाण्यात व चिखलात चालत ते भक्ष्य टिपतात. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यात कृमी, शिंपले आणि लहान खेकडे विपुल असतात. चोचीच्या लांबीनुसार भक्ष्याची वाटणी होते. चिखल्याची आखूड चोच पृष्ठभागावरील जीव उचलते, तर कोरलाची लांब, वाकडी चोच खोल बिळापर्यंत पोहोचते. म्हणून एकाच पट्ट्यावर अनेक जाती एकत्र चरू शकतात. परंतु हे अन्न दिवसाचे काही तासच उपलब्ध असते. भरती आली की चिखलपट्टा पाण्याखाली जातो आणि थव्यांना जवळच एखादी उघडी, उथळ, निवांत जागा लागते. तेथे ते पुढील ओहोटीपर्यंत विसावतात. ती जागा दूर असेल किंवा तेथे कुत्री-माणसांचा वावर असेल, तर उडण्यातच ऊर्जा खर्ची पडते.

ही ऊर्जा म्हणजे प्रवासाची शिदोरी होय. टिलव्याचे वजन 20 ते 30 ग्रॅम. परतीच्या प्रवासापूर्वी अशा पक्ष्यांच्या शरीरात चरबीचा मोठा साठा होतो. कर्ल्यू सँडपायपर सायबेरियाच्या उत्तर टोकाकडील टुंड्रात वीण करतो. मादी एका हंगामात साधारणतः 4 अंडी घालते. ज्या वर्षी तेथे लेमिंग या उंदीरवर्गीय प्राण्यांची संख्या कमी असते, त्या वर्षी कोल्हे पिल्लांकडे वळतात व वीण जवळपास वाया जाते. प्रजननाचा वेग असा मंद व बेभरवशाचा असल्याने प्रौढ पक्षी किती वर्षे जगतात यावरच जातीचे अस्तित्व अवलंबून राहते, आणि वर्षाचा मोठा भाग ते आपल्यासारख्या देशांच्या किनाऱ्यांवर असतात.

तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमेर हे याचे बोलके उदाहरण आहे. येथे 1967 मध्ये अभयारण्य झाले आणि 2002 मध्ये रामसर दर्जा मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने येथे अनेक दशके पक्ष्यांच्या पायांत वाळी घालून अभ्यास केला असून त्यातून किनारी पक्ष्यांची मोठी घट नोंदली गेली. गोड्या पाण्याची घटलेली आवक व दलदलीतील वाढती क्षारता ही त्याची महत्त्वाची कारणे मानली जातात. शेजारचे वेदारण्यम मिठासाठी प्रसिद्ध आहे. 1930 मध्ये राजाजींनी मिठाचा सत्याग्रह तेथेच केला होता. मात्र मिठागर पक्ष्यांना सरसकट घातक, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. समुद्राचे पाणी प्रथम साठवले जाते त्या उथळ तळ्यांत क्षारता बेताची असते, तेथे जीवसृष्टी टिकते आणि बांधांवर थवे विसावतात. जेथे मीठ धरते त्या कोंड्यांत मात्र पक्ष्यांना खाण्यासारखे काही उरत नाही. प्रश्न पाणी किती खोल व किती खारे, याचा आहे.

येथे कायद्यातील एक फट लक्षात घेण्याजोगी आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 यांच्या व्याख्येतून मीठ उत्पादनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत खारफुटी व जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे 1-अ या गटात येतात. म्हणजे ओहोटीचे ताट संरक्षित, परंतु भरतीची ओसरी बऱ्याच ठिकाणी उघडी! मुंबईसारख्या शहरात मिठागराकडे बहुधा बांधकामासाठी उरलेली मोकळी जमीन म्हणूनच पाहिले जाते. ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली. तेथील पक्ष्यांना काठावरची मिठागरे आणि उथळ तळी तितकीच आवश्यक आहेत.

दुसरी गल्लत खारफुटीविषयी होते. 2023-24 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या 'मिष्टी' योजनेत कांदळवन लागवडीवर भर आहे आणि वादळ व धूप यांपासून संरक्षणासाठी तो योग्यच आहे. परंतु नैसर्गिक चिखलपट्टा ही ओसाड जमीन नव्हे. तेथे रोपे लावल्यास हिरवाई वाढते आणि तुतवारांचे कुरण संपते. ठाणे खाडीत तर गाळ साचल्याने खारफुटी आपोआपच पुढे सरकली आहे. लागवड जेथे पूर्वी कांदळवन होते व तुटले, तेथे व्हावी.

चिलिकाचा अनुभव आशादायक आहे. मुख भरत गेल्याने क्षारता घटून हे सरोवर 1993 मध्ये माँत्रो नोंदीत, म्हणजे ऱ्हास होत असलेल्या रामसर स्थळांच्या यादीत, गेले होते. सप्टेंबर 2000 मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले आणि 2002 मध्ये ते या यादीतून बाहेर आले. पाण्याचा प्रवाह सुधारणे हाच तेथील मुख्य उपाय होता.

भारत मध्य आशियाई उड्डाणमार्गावर असून या मार्गात 30 देश येतात. 1983 पासून भारत स्थलांतरित प्रजातींच्या बॉन कराराचा सदस्य आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये या कराराची तेरावी परिषद गांधीनगर येथे भरली. या मार्गासाठी 2018 ते 2023 या काळाचा राष्ट्रीय कृती आराखडाही आखला गेला. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते. तिच्यातून पक्षी किती, हे समजते. उधाणाच्या भरतीत ते नेमके कोठे बसतात, तसेच पहिल्या वर्षीचे जे अनेक पक्षी उत्तरेस न जाता मे-जूनमध्येही आपल्याच खाड्यांत राहतात त्यांना कोणती जागा पुरते, हे जानेवारीतल्या मोजणीने कळत नाही. त्यासाठी प्रत्येक खाडीत भरतीच्या वेळी, वर्षभर फिरावे लागते.