रेंज गेली तरी ठिकाण सापडतं

‘रेंज नाही, म्हणजे जीपीएसपण नाही,’ हे वाक्य आपल्याकडे सहलीच्या बसमध्ये हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. हुबळी-धारवाडहून दांडेलीच्या जंगलात किंवा लोंडा, कॅसलरॉक ओलांडून गोव्याला फेस्ताला जाणाऱ्यांनी उरलेलं अर्धंही समजून घ्यायला हवं. त्यासाठी साधं जीपीएस आणि असिस्टेड जीपीएस यांतला फरक पाहू.

आधी साधं जीपीएस. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. मोबाइल ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. म्हणून त्याला ना सिम लागतं, ना डेटा. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून मोबाइल उपग्रहाचं अंतर काढतो. वेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. मोबाइलचं घड्याळ तितकं नेमकं नसतं, म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो.

पण नुसतं अंतर कळून काय उपयोग? उपग्रह त्या क्षणी नेमका कुठे होता, तेही कळायला हवं. ती माहिती त्याच संदेशात असते, पण येते अगदी सावकाश, सेकंदाला फक्त ५० बिट. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. झाडीत मधले शब्द हुकले, की पुढच्या फेरीची वाट पाहायची. सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती पूर्ण यायला तर साडेबारा मिनिटं लागतात. तिला इंग्रजीत ‘अल्मॅनॅक’ म्हणतात, म्हणजे चक्क पंचांग! साहित्याच्या विद्यार्थिनीला हा शब्द आवडला नाही तरच नवल.

असिस्टेड जीपीएसमध्ये हीच माहिती मोबाइलला नेटवर्कवरून क्षणात मिळते. सोबत अंदाजे ठिकाण आणि वेळही कळते. त्यामुळे कुठले उपग्रह शोधायचे ते आधीच ठाऊक असतं आणि काही सेकंदांत काम होतं. मोजमाप मात्र उपग्रहांवरूनच होतं. मदत गेली, तर वेळ वाढतो. जीपीएस बंद पडत नाही.

वर्गात किंवा घरात दिसणारं लोकेशन बऱ्याचदा या दोन्हींपैकी नसतं. तो टॉवर आणि वायफायवरून बांधलेला अंदाज असतो. निळ्या ठिपक्याभोवती मोठा फिकट गोल दिसला, तर आपण त्या गोलात कुठेही असू शकतो. अडचणीत असताना असं लोकेशन पाठवलं, तर शोधणारे भलतीकडेच फिरत राहतील.

म्हणून जंगलात जाण्याआधी एवढं करा. रेंज असतानाच नकाशा डाउनलोड करून ठेवा. नकाशा उपग्रहाकडून येत नाही, तो नसेल तर ठिपका कोऱ्या पडद्यावर दिसेल. रेंज सुटण्याआधी लोकेशन एकदा चालू करा. तेव्हा मिळालेली कक्षांची माहिती पुढे दोन-चार तास कामी येते. वाट चुकलीच, तर मोकळ्या आभाळाखाली काही मिनिटं थांबा, गोल लहान होऊ द्या आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहून घ्या. ते कुणाला कळवायला मात्र नेटवर्क लागतंच. डेटा चालत नसला तरी कधी कधी साधा एसएमएस जातो. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून ११२ लागू शकतो.

आता जीपीएसच्या जोडीला इस्रोची ‘नाविक’ यंत्रणाही आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला सुटला आणि तिचं केंद्र आपल्याच राज्यात, बेंगळुरूजवळच्या ब्यालाळूला आहे. ज्या मोबाइलमध्ये तिची सोय आहे, त्याला ऐकायला जास्त उपग्रह मिळतात. पण तिथेही नियम तोच: आभाळ दिसायला हवं आणि आपल्याला थोडा धीर हवा.